पाचशेंडीचं पाणी

व्यंकटरावांच्या तोंडून शब्द गेला तेव्हा मांडवात दीडशे माणसं होती, आणि त्यातली निम्मी तरी हसली. चिकलठाण्याच्या नव्या वसाहतीतला कीर्तनसप्ताह, सहावा दिवस. बुवा आपले सहज म्हणाले, "वर्ष दुष्काळाचं. पाचशेंडी डोंगरावरच्या टाक्यातलं पाणी उद्या सांगतेला आपल्या इथल्या महादेवाला मिळालं असतं तर!" पहिल्या रांगेतले व्यंकटराव ताडकन उठले. "मी आणतो, बुवा!"

हे व्यंकटराव कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातसुद्धा रिक्षानं जाणारे. वय चौसष्ट, गुडघे त्याहून वयस्कर. मागून कुणीतरी म्हणालं, "काका, आधी गच्चीवर जाऊन दाखवा!" झालं, परतीचे दोर कापले गेले.

"अहो, तुम्हाला झेपणार आहे का?" शैलाताईंनी विचारलं.

"शब्द दिलाय, शैला. तोही कपाळाला बुक्का लावून."

सकाळी सहाला दोघं करमाडच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी. गावातला सांडू वाट दाखवायला आला. त्यानं आधीच बजावलं, "सायेब, पाणी भरलं की अभिषेक होईस्तोर कलश भुईला टेकवायचा नाय. टेकला की पुण्य गेलं."

पहिल्या शिखरावर व्यंकटरावांचं 'जय जय राम कृष्ण हरी' आखडून 'जय हरी' झालं. दुसऱ्यावर नुसता 'ह' उरला.

"सांडू, आलं का शेवटचं?"

"आलंच की. ह्ये काय, एवढंच."

एवढंच चढून पाहावं, तर पलीकडं आणखी एक शेंडी छाती काढून उभी! पाचवी सर केल्यावर व्यंकटरावांनी कलश पुढं केला, तर सांडू म्हणाला, "ही मोजत नाय आमी. बारकी हाय."

"बारकी की मोठी, ते माझ्या गुडघ्यांना विचार!" असं म्हणून ते पुन्हा चालू लागले.

सहावीही सांडूच्या हिशेबात बारकीच निघाली. सातव्या शेंडीवर महादेव भेटला. डोंगरावर हिरवं पान औषधाला नव्हतं. टाक्यात मात्र वीतभर स्वच्छ पाणी! व्यंकटरावांचे डोळे भरून आले. "बघितलंस, शैला? खाली टँकर, आणि वर हे! याला म्हणतात लीला." सांडू उगाच डोकं खाजवत दुसरीकडं बघू लागला.

खरा डोंगर उतरताना कळला. दोन्ही हात कलशात अडकलेले. घाम शैलाताईंनी पुसायचा, माशी सांडूनं हाकलायची. तिसऱ्या शेंडीची घसरण त्यांनी बसून उतरली. पँटीची बसायची बाजू डोंगरानं ठेवून घेतली. कलश मात्र डोक्यावर अढळ.

आणि खालच्या अरुंद खिंडीत एक गाढव आडवं उभं. पाठीला दोन रिकामे कॅन, ओठ सुकलेले. त्यानं सरळ कलशाकडं मान लांबवली.

"हाऽड! हाऽड!" व्यंकटरावांनी कलश उंच धरला.

"अहो," शैलाताई शांतपणे म्हणाल्या, "परवा याच आख्यानाला माझा पदर भिजवलात ना? संतांनी काशीची कावड तहानलेल्या गाढवाला पाजली म्हणून?"

"ते आख्यानातलं गाढव होतं! आणि त्या संतांना पाच वाजता चिकलठाण्याला पोचायचं नव्हतं!"

सांडूला राहवेना. "सायेब, शिव्या द्या, पण आता सांगतोच. टाकं पौषातच आटलं. यंदा भक्त रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून टँकरचं पाणी आमी वर नेऊन ओततो. ह्याच्याच पाठीवरून. दोन खेपा रोज. लई गुणी जनावर हाय."

व्यंकटरावांनी डोंगराकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं, गाढवाकडं पाहिलं. मग हळूच कलश खाली आणला. गाढवानं नाक आत घातलं ते तळ लागल्यावरच काढलं. कलश शेवटपर्यंत भुईला टेकला नाही.

पाचला मांडव गच्च. व्यंकटराव कमरेला उपरणं गुंडाळून बुवांपुढं उभे राहिले.

"आणलंत?"

"रिकामा आहे, बुवा."

मागं खसखस पिकली. पण त्यांनी सगळं सांगितलं. हाड-हाड केलेलंसुद्धा लपवलं नाही. हळूहळू मागची माणसं ऐकायला पुढं सरकली. बुवांनी खाली उतरून त्यांच्या कपाळी बुक्का लावला. "पण आता अभिषेकाला पाणी?"

शैलाताईंनी घरच्या पिंपातल्या पाण्याचा तांब्या पुढं केला. "हे घ्या. सांडूला विचारून घेतलंय मी. त्यांच्या गावचा टँकर आणि आपला, दोन्ही करमाडच्या एकाच विहिरीवर भरतात."

अभिषेक यथासांग झाला. मग बुवांनी चिपळ्या उचलल्या. "तर मंडळी, भर उन्हात, पाच शिखरं ओलांडून एक भक्त निघाला..."

तीस वर्षांत व्यंकटराव कीर्तनात मध्ये कधी बोलले नव्हते. आज ते ताडकन उठायला गेले, गुडघ्यांनी परवानगी दिली नाही, म्हणून बसूनच ओरडले,

"सात, बुवा! सात!"