टाक्यातले पाहुणे

धनजच्या दौलतरावांना भाषण करायला सांगा, तासभर सहज बोलतील. पण अंगणातलं सिमेंटचं टाकं घासायला सांगितलं की त्यांची कंबर धरायची. गावच्या आरोग्य समितीचे ते अध्यक्ष. आठवड्यातून एकदा पाणी साठवायची भांडी रिकामी करा, आतून घासा, कोरडी करा, डेंग्यू पळवा, असं ते पारावर तळमळीने सांगत. मग घरी येऊन आपल्या छातीइतक्या खोल टाक्याकडे पाठ करून चहा पीत.

म्हणूनच गावच्या आशा कार्यकर्त्या बेबीताईंनी टाक्यात गप्पी मासे सोडायची युक्ती सांगितली, तेव्हा त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. मासे डासांच्या अळ्या खाणार, म्हणजे उपसायची कटकटच गेली. अडचण एकच होती, ती म्हणजे मनकर्णाबाई. दौलतरावांच्या या मातोश्री माळकरी, आणि त्यांच्या राज्यात अंड्याचं नाव काढायचीसुद्धा सोय नव्हती. तेव्हा आई भजनाला गेल्याची संधी साधून दौलतरावांनी डबाभर मासे गुपचूप टाक्यात सोडले आणि मिशीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाईंनी देवाच्या अंघोळीसाठी टाक्यातून तांब्या भरला आणि ताम्हनात ओतला. बाळकृष्णाशेजारी एक मासा तडफडू लागला.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. मासा ओंजळीत धरून परत पाण्यात सोडला, हात धुतले आणि पिशवी भरायला घेतली.

"मी मंगरूळपीरले चालली," त्या म्हणाल्या. "लहान्या पोराच्या घरी निदान देवाच्या आंघोळीत मासे नाईत."

दौलतरावांनी धावत येऊन दार अडवलं. म्हातारी आई घर सोडून गेली तर गाव काय म्हणेल, ही धास्ती होतीच. पण मागच्या पावसाळ्यात ते डेंग्यूने कारंजाच्या दवाखान्यात पडले होते, तेव्हा हीच माउली उशाशी बसून राहिली होती. तिच्यावाचून त्या घरात त्यांना घास गोड लागला नसता.

"माय, हे खायाचे मासे नोयत," ते काकुळतीला येऊन म्हणाले. "गोठ्यात गाय रायते, तसे टाक्यात रायतीन. मुके जीव हायेत."

मुके जीव म्हटल्यावर म्हातारी विरघळली. पिशवी खाली टेकली. "मंग खायाले काय देतं त्याइले?"

"कायीच नाई लागत. पान्यातल्या अळ्या खातेत," दौलतराव बोलून गेले.

मनकर्णाबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजे माह्या घरात राहून जीव मारून खातीन?"

त्या दिवसापासून माशांचं पथ्यपाणी त्यांनी स्वतःकडे घेतलं. सकाळी ज्वारीच्या भाकरीचा चुरा, दुपारी वरणातली डाळ, एकादशीला भगर. मासे असे सुखावले की हलायचा कंटाळा करू लागले. अळ्या तोंडासमोरून वळवळत जात आणि हे आपले भाकरीची वाट बघत वर तोंड करून पडलेले. दौलतरावांनी टाक्यात एकदाही डोकावून पाहिलं नाही. मासे कामाला लावलेत म्हटल्यावर आपण कशाला बघायचं, असा त्यांचा हिशेब.

मग तालुक्याहून आरोग्य अधिकारी बेबीताईंना सोबत घेऊन पाहणीला आले. आधी माझंच टाकं बघा, असा दौलतरावांनी हट्ट धरला. निम्मी गल्ली मागोमाग आली. साहेबांनी टॉर्च मारला आणि पाहतात तो अळ्याच अळ्या. साऱ्या गावात नसतील एवढ्या एकट्या अध्यक्षांच्या टाक्यात. लोक तोंडाला पदर आणि रुमाल लावून हसले. दौलतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. माशांना खाऊ घालणं आजपासून बंद, उपाशी राहिले की आपोआप अळ्या खातील, असं साहेबांनी फर्मावलं.

मनकर्णाबाईंनी पुन्हा पिशवी उचलली. मुक्या जिवांना उपाशी ठेवून पाप करायला लावणाऱ्या घरात आपण पाण्याचा घोटही घेणार नाही, असं त्यांनी साहेबांच्या तोंडावर सांगितलं. दौलतराव आडवे आले, तर त्यांना बाजूला सारून त्या निघाल्या.

दारातच म्हातारी थबकली. "बेबी, ह्या अळ्या येतेत कुठून?"

बेबीताईंनी समजावलं, की डास टाक्याच्या भिंतीला अंडी चिकटवतो. दर आठवड्याला भिंती घासून टाकं कोरडं केलं, की अळीच होत नाही.

"असं हाय काय." मनकर्णाबाईंनी पिशवी खुंटीला अडकवली. "जीव जलमलाच नाई, तं माराचं पाप कोनाले? दौलत, खराटा आन."

आता दर शनिवारी मासे बादलीत बसतात आणि अध्यक्ष पँट गुडघ्यापर्यंत चढवून टाक्यात उतरतात. काठाशी पाट टाकून मनकर्णाबाई राहिलेले कोपरे दाखवतात. ही गंमत बघायला आलेले लोक घरी जाऊन आपापले रांजण घासू लागले. यंदाच्या पावसाळ्यात त्या गल्लीत कोणी तापाने पडलं नाही, आणि दौलतराव भाषण करायचेही विसरले.

एकदा बेबीताईंनी भीत भीत विषय काढला. इथे आता माशांना काही काम नाही, तेव्हा दुसऱ्या एखाद्या टाक्यासाठी ते द्याल का?

"नाई बाई," मनकर्णाबाई बादलीत चुरा टाकत म्हणाल्या. "आता माळकरी झाले ते. दुसऱ्याच्या घरी जाऊन बिघडतीन."

टाक्यातून दौलतरावांनी विचारलं, आता वर येऊ का. त्यांना खालचा एक कोपरा पुन्हा घासायला सांगण्यात आला.