अण्णांची नो-लोड टेस्ट

आमच्या शेजारचे सिद्रामअण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी फ्रिजची विचारपूस करतात, मग माणसांची. खिशातला लांब स्क्रू ड्रायव्हर काढायचा, टोक फ्रिजच्या पाठीला, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. तोवर घरातल्यांनी गप्प बसायचं. "बरा चाललाय की ओ," असा निकाल लागला की मग चहा.

जळालेल्या मोटारींत नवी तांब्याची तार भरून देणं, म्हणजे वायंडिंग, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. पुढे दुकान, मागे घर. उजनीकाठचे पंप ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून लोक सोलापुरात त्यांच्याकडे आणतात. त्यामुळे माणसाचं दुखणंही अण्णा मोटारीच्याच भाषेत सांगतात. मी वर्गातून चिडून आलो की म्हणणार, "मास्तर, तुमची एक फेज गेलीय." दीड वर्षापूर्वी अक्का, म्हणजे त्यांची बायको, वारल्या. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते एवढंच सांगत, "सप्लाय बंद झाला." मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता. चाळीस वर्षांच्या संसाराबद्दल असं बोलतात होय?

गेल्या महिन्यात अण्णा दुकानात चक्कर येऊन पडले. मुलगी हैदराबादला, म्हणून डॉक्टरांकडे मीच नेलं.

"काका, तुमचं हृदय ताणून मोठं झालंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ठोका विजेवर पडतो. ताणलेल्या हृदयात ती वीज वाट चुकते. कधी ठोके एवढे सैरावैरा पळतील की हृदय एकदम बंद पडेल."

"म्हंजे बॉडी फुगली, वायंडिंग सैल झालं," अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले. जणू मलाच कळलं नव्हतं.

ठोके तसे पळत असतील तर छातीत एक छोटं यंत्र बसवायचं. वेळ आली की ते झटका देऊन माणसाला वाचवतं.

"बेडा, बेडा!" अण्णांनी कानडीतून हात जोडले. नको म्हणजे नको.

आधी तपासणी ठरली. छातीला वायरी चिकटवून एक डबी दिवसभर वागवायची आणि केव्हा काय केलं ते वहीत लिहायचं. दुसऱ्या दिवशी बाईंनी वही उघडली. नऊ वाजता, आडवा. दहा वाजता, आडवा. जेवलो, आडवा.

"काका, दिवसभर झोपून होता?"

"मॅडम, मोटार आदी नो-लोडला, रिकामी चालवून बगायची अस्तीय. लोड मागनं."

बाईंनी कपाळाला हात लावला. डबी पुन्हा चिकटवली आणि बजावलं, रोज जे करता तेच करा.

या वेळी बाईंनी कागदावरच्या रेघांत एके ठिकाणी बोट ठेवलं. "साडेचारला ठोके फार जोरात पळालेत. हे धोक्याचं आहे. तेव्हा काय करत होता? वहीत काहीच नाही."

अण्णांनी वही ओढून मिटली. मी भडकलो. "सांगा की! जड मोटार उचललीत ना?"

"न्हाय ओ. मिक्सर लावला हुता."

"मिक्सर?"

"हिचा. रोज त्या टायमाला ही कायतरी वाटत बसायची. शेंगाची चटणी, न्हायतर मसाला. दुकानात मला आवाज यायचा. आता मीच लावतो. दोन मिन्टं. रिकामाच. बंद ठिवला तर मोटार जाम हुतीय, म्हणून."

भिंतीपलीकडून तो आवाज मी रोज ऐकत होतो. म्हातारा चटणीचा शौकीन झाला म्हणून घरात हसतही होतो. मला स्वतःची लाज वाटली.

बाईंनी खुर्ची जवळ ओढली. "काका, यंत्र बसवावंच लागेल. मग मोठ्या चालू मोटारीवर वाकायचं नाही, तिच्या चुंबकानं यंत्र गोंधळतं. दुकानात दुसरा माणूस ठेवा."

आता 'बेडा' येणार, म्हणून मी समजूत घालायच्या तयारीत होतो.

"मॅडम," त्यांनी हळूच विचारलं, "मिक्सर चालंल का?"

"चालेल. हातभर लांबून."

अण्णांनी टेबलावरचा संमतीचा कागद स्वतःकडे ओढला.

"सही कुटं करायची?"