अकरावा रकाना

एल्मथॉर्प युद्धखेळ मंडळाच्या नियम सात (क) अन्वये न रंगवलेला प्लास्टिकचा सैनिक मंडळाच्या खेळाच्या मेजावर उतरवता येत नाही. हा नियम कोणी केला हे कोणाला आठवत नाही, पण का केला ते सगळ्यांना माहीत आहे. नॉटिंगहॅमच्या आसपास राहणाऱ्या आम्हा मंडळींच्या घरी कपाटांत, पलंगांखाली आणि एकाच्या तर बंद पडलेल्या फ्रीजमध्ये, येत्या हजारो वर्षांतल्या युद्धांसाठीची प्लास्टिकची सैन्यं रंगाविना करडी पडून असतात. घेतो आम्ही उत्साहाने. रंगवतो पुढच्या महिन्यात. या साठ्याला आम्ही आपसांत ‘लाजेचा ढीग’ म्हणतो.

लाज थोडी कमी व्हावी म्हणून दर फेब्रुवारीत आव्हान असतं. प्रत्येक सभासदाने एक सैनिक निवडायचा, त्याचा कोरा फोटो जमा करायचा आणि शेवटच्या गुरुवारी तो रंगवून समितीपुढे ठेवायचा. ज्याला जमलं नाही त्याचं नाव वर्षभर ‘निष्क्रिय यादी’त जातं आणि त्याला गुरुवारच्या खेळाला बसता येत नाही. समितीत पाच जागा आहेत. एक रिकामी आहे. उरलेल्या चौघांत मी आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर दर शनिवारी मी मुलांना रंगकाम शिकवतो, त्यामुळे मला त्यातलं कळतं असा समज आहे.

नॉर्मन टॅटरसॉलला हे आव्हान जड जाईल असं कोणालाच वाटलं नव्हतं. त्याने एक्केचाळीस वर्षं मोटारींचं डेंटिंग-पेंटिंग केलं होतं. बायको डोरीन गेल्यापासून त्याला नावाने हाक मारणारी माणसं फक्त गुरुवारी भेटत. बाकीचे सहा दिवस, त्याने एकदा चहा पिताना मला सांगितलं होतं, तो रेडिओवरच्या बाईला उत्तरं देतो.

त्याने निवडलं सदतिसाव्या शतकातलं एक चालतं युद्धयंत्र. दोन पाय, एक तोफ, उंची अंगठ्याएवढी. त्यावर त्याने हिरव्या रंगाचे सहा पातळ हात दिले, प्रत्येक हात वाळल्यावर पॉलिश पेपरने घासला आणि वरून वॉर्निश चढवलं. सभागृहातल्या ट्यूबलाइटी त्या यंत्राच्या छातीत मोजता येत होत्या. शनिवारच्या मुलांना मी ते दाखवलं, तर मुलं रांग लावून बघू लागली. मुलं सहसा रांग लावत नाहीत.

पहिल्याच गुरुवारी पहिली तपासणी झाली. आमची सचिव बेरिल ऑक्सबी तीस वर्षं नगरपालिकेत बांधकाम परवान्यांच्या खात्यात होती. तिने यंत्रासोबत जोडलेला अर्ज वर-खाली पाहिला.

“श्री. टॅटरसॉल, आपला अकरावा रकाना कोरा आहे.”

अकरावा रकाना म्हणजे ‘झीज, गंज व युद्धजन्य नुकसान’.

“गंज नाहीये, म्हणून कोरा आहे,” नॉर्मन म्हणाला.

“नाही कसा? यंत्र युद्धावर आहे.”

“ते खोक्यातून आलंय, बेरिल.”

समितीने विचार केला. यंत्रावर ओरखडा नाही, याचा अर्थ ते एक तर युद्धावर गेलंच नाही, किंवा गेलं आणि मागे कुठेतरी लपून राहिलं. दोन्ही परिस्थितींत गुण देणं उचित ठरलं नसतं. चहाच्या सुट्टीत मात्र बेरिलनेच त्याच्या बशीत जास्तीचं बिस्किट ठेवलं. “लाव की रे बदका थोडा गंज, आणि हो मोकळा,” ती म्हणाली. आमच्या भागात प्रेमाने कोणालाही बदक म्हणतात.

नॉर्मन तयार झाला. पण गंज लावायचा तर यंत्राने कोणत्या ग्रहावर सेवा बजावली हे लिहून द्यावं लागतं. त्याने ग्रहाचं नाव लिहिलं, डोरीन. अर्ज सेड्रिक प्लमट्रीकडे गेला. सेड्रिकचं औषधांचं दुकान आहे, आणि मंडळात तो गंज परीक्षक आहे. त्याने दाखवून दिलं की हवामानाचा तपशील भरलेला नाही. हवा नसेल तर गंज चढणार कसा?

“डोरीनवर हवा नाही,” असा त्याने शेरा मारला.

“होती,” नॉर्मन म्हणाला. “पुष्कळ होती.”

दुरुस्ती-अर्जात हवा आली, पाऊस आला. पाऊस आला म्हणून चिखल आला, आणि चिखल गुडघ्यापर्यंतच का, याचं लेखी स्पष्टीकरण आलं. यात एक आठवडा गेला.

खरी अडचण पुढेच होती. नॉर्मन संध्याकाळी गंज रंगवायचा आणि सकाळी उठून, हाताच्या सवयीने, पॉलिश पेपर घेऊन तो काढून टाकायचा. असं तीनदा झालं. शेवटी मी त्याच्याशेजारी जाऊन बसलो, मुलांशेजारी बसतो तसा. सांगितलं, ब्रशला घाबरू नकोस; पाणी कुठे साचेल याचा आधी विचार कर. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी मुलांकडे ज्या सबुरीने पाहतो ती नेमकी कशी दिसते हे मला त्या दिवशी कळलं.

मग त्याने गंज केला. गुडघ्याच्या सांध्यापाशी, रंगाखाली, मोहरीपेक्षाही बारीक असा एक फुगवटा. रंग शाबूत, पण आतून काहीतरी सुरू झालेलं. तो पाहून घरी गेल्यावर मी माझ्या मोटारीची चारही दारं खालून तपासली.

तिसऱ्या तपासणीला सेड्रिक भिंग घेऊन बसला. “हा गंज नाही,” तो म्हणाला. “गंज नारिंगी असतो.” त्याने मार्गदर्शक पुस्तिकेचं चौदावं पान उघडून दाखवलं.

“नारिंगी दिसायला लागतो तेव्हा गाडी गेलेली असते,” नॉर्मन म्हणाला. “सुरुवात अशी होते. एक्केचाळीस वर्षं पाहिलाय मी.”

“तुम्ही खऱ्या गाड्यांवरचा पाहिलाय,” सेड्रिक समजुतीने म्हणाला. “इथे खरेपणाला वीस गुण आहेत.”

सुधारणेसाठी त्याला शेवटच्या गुरुवारपर्यंत मुदत मिळाली.

आमच्या सभागृहाच्या पायऱ्यांना लोखंडी कठडा होता. तो आतून सडलाय, असा अर्ज नॉर्मनने दोन वर्षांपूर्वी दिला होता. समितीने कठड्याची पाहणी केली होती, आणि नारिंगी काही आढळलं नाही म्हणून अर्ज निकाली काढला होता. शेवटच्या गुरुवारी नॉर्मन एका हातात यंत्राचा डबा धरून पायऱ्या चढला. दुसऱ्या हाताने त्याने कठडा धरला, आणि कठडा त्याच्या हातात आला.

त्याचा गुडघा सोलवटला. आम्ही खुर्ची आणली, दोन चमचे साखर घातलेला चहा आणला. यंत्र डब्यातून निसटून तीन पायऱ्या गडगडत गेलं होतं. त्याच्या खांद्याचा रंग उडाला होता, पायांना चिखल लागला होता आणि छातीवरच्या चऱ्यांत कठड्याच्या गंजाचे पोपडे रुतले होते. अगदी चौदाव्या पानावरच्यासारखे नारिंगी. सेड्रिकने भिंगातून बराच वेळ पाहिलं. आम्हा सगळ्यांनाच आशा वाटू लागली.

इतिवृत्तात असं आहे: ‘नुकसान प्रत्यक्ष घडलेले असल्याने ते रंगकाम धरता येत नाही. गंज बाहेरून आणलेला आहे. सबब अमान्य.’ चार हात वर झाले. त्यांत माझाही होता. एकासाठी नियम वाकवला तर उद्या सगळेच पडतील, असं काहीतरी तेव्हा माझ्या मनात होतं. माझा स्वतःचा सैनिक पहिल्याच तपासणीत पास झाला होता. डाव्या खांद्यावर नारिंगी ठिपका, चौदाव्या पानाप्रमाणे.

नॉर्मनने अर्जाची घडी घातली. “म्हणजे गुरुवारी मी यायचं नाही?”

“मेजावर बसता येणार नाही,” बेरिल म्हणाली. मग तिने नियम चाळले, आणि तिचा चेहरा जरा उजळला. “पण कठड्याचं काम निघालंय. ते सभासदाकडून करून घेता येत नाही, नियम बारा. आणि निष्क्रिय यादीतला तू आता सभासदांत मोडत नाहीस, बदका.”

आता मे संपत आलाय. नॉर्मन दर गुरुवारी सहा वाजता येतो आणि बाहेर कठड्यापाशी काम करतो. काम असेपर्यंत त्याला येता येतं, आणि कठडा आठ फुटांचाच आहे. दोन आठवड्यांपूर्वी तो जोडून, घासून, रंगवून इतका चकचकीत झाला होता की त्यात आपला चेहरा दिसावा. गेल्या गुरुवारी पाहिलं, तर नॉर्मन पॉलिश पेपर घेऊन सगळा रंग पुन्हा उतरवत होता. आत जाता जाता आम्ही प्रत्येकजण त्याला विचारतो, “काय नॉर्मन, कसं काय?” तोही प्रत्येकाला उत्तर देतो.

त्याने तेव्हा चिमूटभर नारिंगी रंग लावून टाकला असता तर काय बिघडलं असतं, असं हे वाचताना तुम्हालाही एकदोनदा वाटून गेलं असेल. वाटलं असेल, तर समितीतली पाचवी जागा अजून रिकामीच आहे. अर्ज बेरिलकडे मिळतो.