साडेअकराची मोची

या, असं आत या. उंबऱ्यावर काय बसताय अवघडून? किती वेळा सांगायचं, उंबऱ्यावर बसू नये. आणि आल्यापासून मनगटावरचं घड्याळ काय बघताय सारखं? आमच्या आळीत घड्याळाचा काही उपयोग नाही. आमच्याकडं रोज सकाळी साडेअकराला तीन वाजतात.

वाजवणारे माझे चुलत दीर, जयसिंगभावजी. त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत, आणि तीही पातळ. बावीस वर्षं पलटणीत काढली. गावात सांगताना ‘मी बॉर्डरवर होतो’ एवढंच सांगतात. होतेच, खोटं कशाला बोलू? फक्त त्यांच्या हातात बंदुकीपेक्षा पळी जास्त असायची. लंगरात स्वयंपाकी होते. पण रुबाब असा, की सगळ्या लढाया यांनीच जेवू घालून जिंकल्या.

साडेअकरा म्हणजे आमची भाकरी तव्यावर असते. नेमके तेव्हा भावजी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून कट्ट्यावर येतात. स्टुलावर बशी ठेवतात आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं ओरडतात, “तीन वाजले! ओयात्सू!”

ओयात्सू म्हणजे जपानात दुपारी तीनला पोरंबाळं जे गोडधोड खातात ते. तिकडं तीन वाजतात तेव्हा इकडं साडेअकरा झालेले असतात, एवढाच हिशेब.

मी एकदा म्हटलं, “आवं भावजी, अजून दिस डोक्यावर आला न्हाई, आन् तुमचं तीन कुठनं वाजलं?”

“वैनी, दिस आदी तिकडं उगावतो. आपण त्याच्या मागनं चाललोय. लय मागनं.”

मी आपली भाकरी उलटायला आत गेले.

बरं, नुसतं खाऊन गप्प बसतील तर कसले भावजी! नावंही तिकडचीच घ्यायला लावतात. पुरणाला पुरण म्हटलेलं त्यांच्या कट्ट्यावर चालत नाही. डाळ शिजवून गोड वाटली की ती आन्को. दोन जाड घावनांत ती आन्को भरली की दोरायाकी. तांदळाची कुरकुरीत पापडी म्हणजे सेन्बेई. भाजलेल्या सोयाबीनचं पीठ म्हणजे किनाको. आपल्याकडं तेच म्हशीला घालतात म्हटलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. संक्रांतीला माझ्या पणतूच्या गळ्यात हलव्याची माळ घातली होती. सगळ्या बाया म्हणाल्या, काय गोड दिसतंय लेकरू. भावजींनी चष्मा लावून एकेक दाणा तपासला आणि म्हणाले, “कोन्पेइतो हाय. काटा जरा बारीक पडलाय, पण चालंल.”

गावच्या जत्रेत त्यांना गुळाची शेव हवी होती. पण मागितली ‘कारिंतो’. तिकडं अशीच काहीतरी गुळातली तळलेली कांडी असते म्हणे. पहिल्या दुकानदारानं पुढच्याकडं पाठवलं, त्यानं त्याच्या पुढच्याकडं. ढीग लागले होते शेवेचे, डोळ्यांसमोर. भावजी सगळी जत्रा फिरून रिकाम्या हातानं घरी आले. मी विचारलं, बोटानं दाखवायचं होतंत की. तर म्हणाले, “वैनी, फौजी मानूस बोटं दावत न्हाई.”

पण खरा कळस मोचीचा. मोची म्हणजे चिकट भात कुटून कुटून त्याचा लोण्यासारखा गोळा करायचा, आत आन्को भरायची, वरनं पीठ भुरभुरायचं. आता चिकट तांदूळ कुठला आणायचा? तर इंद्रायणी. आणि कुटायचं कशात? तर माझ्या सासूबाईंच्या उखळात, जे मी वीस वर्षं तुळशीजवळ उलटं घालून त्यावर बसत होते. रोज पहाटे धपाक् धपाक्. भिंत पातळ सांगितलीच मी तुम्हाला. आमच्या फळीवरचे डबे चालत चालत कडेला यायचे.

पहिली मोची मानानं सरपंचांना दिली. सरपंचांनी एक घास घेतला आणि डोळे मोठे केले. आम्हाला वाटलं, चव आवडली. मग कळलं, वरची कवळी मोचीत रुतून बसलीय. तोंड मिटता येईना आणि उघडताही येईना. भावजी शांतपणे म्हणाले, “बारीक घास घ्यायचा असतो.” त्या दिवसानंतर सरपंच कट्ट्यापुढनं जाताना ओठ घट्ट मिटून जातात.

माझ्या नातीच्या लग्नात तर त्यांनी रुखवतात मोची मांडली. एकवीस नग, एका रांगेत, सावधान उभ्या केल्यासारख्या. शेजारी बोरूनं लिहिलेली पाटी: ‘दाइफुकू मोची’. रुखवतातलं थोडं थोडं वरपक्षाकडं बांधून द्यायची आपली रीत; त्याप्रमाणं विहीणबाईंना चार दिल्या. आठवड्यानं त्यांचा फोन. “बाकी सगळं छान होतं हो, पण तो तुमच्याकडचा साबण काही फेसाळत नाही.”

हे मी भावजींना अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

तर असा हा माणूस. आळीत सगळे म्हणायचे, रिटायर झाला, बायको गेली, डोकं फिरलं. मीही म्हणायचे. कशाला लपवू?

एकदा मी त्यांची वाटी परत द्यायला गेले. वाटी रिकामी देऊ नये म्हणून तीत शेंगदाण्याची चटणी होती. गेले ती नेमकी साडेअकराच्या पुढं. भावजी ओरडून आत गेले होते. दारातनं बघते तर भिंतीला फोन टेकवून ठेवलेला, आणि समोर भावजी पाट घेऊन ताठ बसलेले. फोनमध्ये एक सहा-सात वर्षांची मुलगी, कपाळावर सरळ कापलेले केस. नुकतीच शाळेतनं आलेली. तिनं काडीला टोचलेले तांदळाचे गोळे कॅमेऱ्यापुढं धरले आणि म्हणाली, “दांगो.” भावजी म्हणाले, “दांगो.” मग भावजींनी आपली बशी पुढं धरली. मुलगी म्हणाली, “मोची!” भावजी म्हणाले, “मोची.” मग दोघं खायला लागले. खाऊन झाल्यावर तिनं हात हलवला, फोन बंद.

ती त्यांची नात, हिना. मुलगा सुहास शिरवळच्या एका कारखान्यात होता. तिथनं सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला जपानात गेला आणि तिथलाच झाला. तिकडचीच मुलगी केली. पासपोर्टचा फोटो नीट आला नाही, असं सांगून भावजी लग्नाला गेले नाहीत. पुढं पाच वर्षं बाप-लेक बोलले नाहीत. बोलायच्या त्या जाऊबाई. फोनही त्यांचाच. त्या गेल्यावर फोन साडेअकराला वाजतच राहिला. कुणीतरी उचलायला हवा होता ना!

पोरीला मराठी येत नाही, यांना जपानी येत नाही. मग जे ती दाखवेल तेवढं यांनी शिकायचं. म्हणून भावजींच्या अख्ख्या जपानी भाषेत खाण्याशिवाय दुसरा शब्द नाही. ‘बाळा, ये’ म्हणता येत नाही.

हे मला त्या दिवशी कळलं, आणि मी चटणीची वाटी उंबऱ्यातच ठेवून परत आले.

गेल्या श्रावणात सुहास, सूनबाई आणि हिना आठ दिवसांसाठी येणार असं ठरलं. भावजींनी घर सारवल्यासारखं धुऊन काढलं. महिनाभर माझ्याकडं येऊन एकच प्रश्न. “वैनी, फोनमदली मानसं पोरास्नी वळकू येत्यात का ओ?”

“येत्यात की. न येऊन काय?”

“न्हाई म्हंजी, फोनात मी छातीपतुरच दिसतो.”

पोरगी आली. गाडीतनं उतरली आणि हा सहा फुटी, मिशीवाला माणूस बघून आईच्या मागं गेली, ती गेलीच. भावजी कट्ट्यावर उभे. घसा खाकरला आणि सगळी शिदोरी एका दमात सोडली, “आन्को, दांगो, सेन्बेई, दोरायाकी!” परेडची हजेरी घेतल्यागत. सूनबाईंनी वाकून नमस्कार केला. पोरगी रडायला लागली.

पाच दिवस तेच. भावजी बशी भरून ठेवायचे, लांब जाऊन बसायचे. पोरगी आईच्या हातनं खायची, यांच्या बशीला हात लावायची नाही. सुहास म्हणाला, “आबा, वेळ लागतो.” भावजी म्हणाले, “तुझं इमान रईवारी हाय. वेळ कुठनं आणू?” लेकाशी ते एवढं लांब वाक्य बोललेले मी कित्येक वर्षांनी ऐकलं.

सहाव्या दिवशी भावजींनी आणखी एका तऱ्हेची मोची केली. चिकटू नये म्हणून परसातलं हळदीचं पान तोडून आणलं, मोची त्यात गुंडाळली आणि वाफवली. वास असा सुटला की मी भिंतीपलीकडनं उठून आले. सगळे पाटावर बसलो. पानाचा वास पोरीलाही आला असावा. ती हळूच पुढं सरकली, बशीतनं एक उचलली आणि पान न सोडताच कचकन चावा घेतला.

“अगं, पान! पान काढ!” मी ओरडले. सुहास सांगायला लागला, की तिकडं वसंतात चेरीच्या खारवलेल्या पानात मोची देतात, ती पानासकट खातात. तिला तसंच वाटलं असणार.

पोरगी घाबरली. एवढी सगळी मोठी माणसं तोंडाकडं बघताहेत. काहीतरी चुकलं, एवढं तिला कळलं. डोळे भरायला लागले.

भावजींनी आमच्याकडं असा हात केला की पलटणही गप्प झाली असती. मग आपल्या बशीतली मोची उचलली आणि पानासकट तोंडात घातली. हळदीचं पान म्हणजे काय सांगू तुम्हाला, नुसतं सुतळीसारखं. भावजी चावताहेत, मिशी वरखाली होतेय. माझ्याकडं बघितलं. म्हणजे हुकूमच. मीही खाल्लं पानासकट. माझ्या या दातांनी! सुहासनं खाल्लं, सूनबाईंनी खाल्लं. पाच माणसं बसलीत आणि रवंथ चाललाय.

पोरीनं एकेकाचं तोंड बघितलं. मग तिचंच चावणं थांबलं. पान काही गिळेना, थुंकायचं तर कुठं? भावजी उठले नाहीत, बोलले नाहीत. बोलणार तरी काय, त्यांच्याकडं त्याचा शब्दच नव्हता. त्यांनी नुसती ओंजळ तिच्या हनुवटीखाली धरली. आपल्याकडं कुठलाही आजा धरतो तशी.

तिनं एक क्षण बघितलं, आणि सगळा चोथा थू करून त्यांच्या ओंजळीत टाकला. आणि हसली. दात सगळे हिरवे.

तो चोथा टाकून द्यायला सूनबाई ओंजळीला हात लावायला लागल्या, तर भावजी म्हणाले, “ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या.” पोरगी त्यांच्या गुडघ्याला टेकून दुसरी मोची खायला लागली होती. ती खाऊन होईपर्यंत ओंजळ तशीच धरून बसले बिचारे.

रविवारी ती गेली. आता भावजी एकटेच मोची वाफवतात, पानासकट खातात, आणि कुणी पान सोडायला लागलं तर अंगावर येतात.

तुम्ही या की एकदा त्यांच्याकडं. परसात हळद अजून हिरवी आहे. पानं वाळायच्या आत या, उगाच पुढं ढकलू नका. आलात की त्यांना बरं वाटेल, बोलत नाहीत पण वाटतं. फक्त पान चावायची तयारी ठेवा.