डेन्मार्कचा तोरगाईर

लेकीच्या लग्नात, भर पंगतीत, हातात पेला घेऊन तोरगाईर नेसहाईमनं ठोकून दिलं, "स्की? अहो, तरुणपणी न्याहारीच्या आधी तीस किलोमीटर मारून यायचो मी! तेही डोंगरावर!"

टाळ्या पडल्या. लेक इंगविल्डनं खाली मान घालून ताटातला बटाटा दोनदा कापला. समोर बसलेले व्याही आस्ब्योर्न, ज्यांचा अर्धा जन्म बर्फावर गेला होता, ते गहिवरून म्हणाले, "मग ईस्टरला आमच्या डोंगरातल्या घरी यायचंच! चार दिवस नुसती धमाल!"

खरी गोष्ट अशी, की तोरगाईर नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बेटावर वाढला. तिथं सकाळी पडलेलं बर्फ दुपारी समुद्राला जाऊन मिळायचं. होडी म्हणाल तर तो झोपेत वल्हवेल. पण स्की त्यानं पाहिल्या होत्या त्या दुकानाच्या काचेआडच! नॉर्वेत जन्मून एक्कावन्नाव्या वर्षी स्की येत नाही हे चारचौघांत कसं सांगायचं? त्यापेक्षा माणूस तुरुंगात जाऊन आल्याचं सांगेल!

ईस्टरला तीन आठवडे उरले. तोरगाईरनं ऑफिसात दाढेचं दुखणं सांगितलं आणि लांबच्या एका खोऱ्यात, परदेशी नवशिक्यांच्या दोन दिवसांच्या वर्गात गुपचूप नाव घातलं. 'देश' या रकान्यात लिहिलं, 'डेन्मार्क'. डेन्मार्क कसा पोळपाटासारखा सपाट! तिथल्या माणसाला स्की आली नाही तर कोण हसणार? आणि भाषा काय, आपलीच. फक्त तोंडात गरम बटाटा धरून बोलायची.

वर्गात सहाजण होते. शिकवणाऱ्या गुनव्होरबाई अडुसष्ट वर्षांच्या, सुतळीसारख्या बारीक आणि आवाज मात्र बोटीच्या भोंग्यासारखा! त्यांनी यादी वाचली आणि म्हणाल्या, "वा! यंदा दोन डॅनिश!"

तोरगाईर वाकून बुटाचे बंद आवळायला लागला. लाल टोपीतली एक बाई हात हलवत जवळ आली. "मी बोदिल! तुम्ही कुठले?"

"कोपनहेगन... म्हणजे... जवळपास. जरा आतल्या बाजूला."

"मीपण जवळपासचीच!" असं म्हणून ती पुढं जे काही बोलली, त्यातलं अक्षर त्याला कळलं नाही. अस्सल डॅनिश असंच असणार! त्यानं गालात बटाटा धरून उत्तर दिलं. तिचाही चेहरा कोरा! पण दोघंही पुढं तास-तासभर एकमेकांकडे बघून माना डोलवत राहिले.

"चालू नका, घसरा!" गुनव्होरबाई ओरडत होत्या. तोरगाईर घसरत होता, पण त्या म्हणत होत्या तसा नव्हे. बर्फात स्कीसाठी रुळांसारख्या दोन चाकोऱ्या पाडल्या होत्या. त्याचा एक पाय चाकोरीत, तर दुसरा शेजारच्या पाइनच्या झाडाकडे निघालेला. पहिल्या तासात तो अकरा वेळा पडला. ब्राझीलहून आलेली जुसारा नावाची नर्स त्याला दर वेळी उचलून, झटकून उभा करायची आणि नाडी बघायची!

दुपारी उतार आला. बोदिल त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. त्यानं सवयीनं मान डोलावली.

"बाई!" बोदिल ओरडली. "सगळ्यात आधी हे जाणार म्हणतायत!"

"शाब्बास!" गुनव्होरबाई म्हणाल्या. "टाचा बाहेर, चवडे आत, आणि दाबून धरायचं! की वेग कमी!"

तोरगाईरनं टाचा आत आणि चवडे बाहेर केले. दोन स्की दोन गावांना निघाल्या! मधला तोरगाईर गर्रकन फिरला आणि पाठमोरा, व्याह्यांचं नाव घेत, खाली सुटला. तो उताराच्या तळाशी बर्फात रुतला न रुतला, तोच वरून लाल टोपी आली आणि धाडकन त्याच्यावर आदळली.

"आई गं! मोडलं माझं कंबरडं!" तोरगाईर बोंबलला. अगदी बेटावरच्या ठसक्यात!

"मेल्या, माझा पाय सोड आधी!" बोदिल किंचाळली. अगदी नॉर्वेतल्या बर्गेन शहराच्या मासळीबाजारातल्या ठसक्यात!

दोघांनी बर्फातून माना वर काढल्या.

"तुम्ही... बर्गेनच्या?"

"आणि तुम्ही बेटावरचे!" बोदिल रडवेली झाली. "कुणाला सांगू नका हो! शाळेत शिकवते मी. दरवर्षी मुलांना स्कीला नेते आणि दिवसभर कोकोच्या पातेल्याशी उभी राहते!"

तेवढ्यात गुनव्होरबाई सुळकन येऊन थांबल्या. "झाली का ओळख? अरे, तीस वर्षं शिकवतेय मी. चव्वेचाळीस डॅनिश आले माझ्याकडं. त्यातले खरे दोनच, आणि त्या दोघांना स्की उत्तम येत होती!"

सोंग उतरलं आणि गुडघे आपोआप वाकायला लागले. दुसऱ्या दिवशी तोरगाईरनं पाच किलोमीटर काटले. तोच उतार एकदाही न पडता उतरला! खाली उभ्या बोदिलनं टोपी हवेत फेकली, आणि त्याचे डोळे भरून आले. ते त्यानं वाऱ्यावर ढकललं.

ईस्टरला तो व्याह्यांकडे गेला तो छाती काढून. आणि पाऊस लागला! असातसा नव्हे, चार दिवस, चार रात्री. डोंगर काळा पडला. सगळे आत बसून पत्ते खेळले आणि वॅफल खात राहिले.

शेवटच्या संध्याकाळी आस्ब्योर्न हळहळले, "तुमची स्की बघायची राहूनच गेली!"

"अहो, येते मला!" तोरगाईर ताडकन उठला. "पाच किलोमीटर! उतारसुद्धा! देवाशपथ!"

इंगविल्डनं टेबलाखालून त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. "बाबा, पुरे रे. तुला येत नाही हे मला तिसरीपासून माहीत आहे. यांनाही मी लग्नाआधीच सांगून ठेवलंय, ते नुसतं तुझं मन राखत होते."

"त्यात लाजायचं काय?" आस्ब्योर्न प्रेमानं म्हणाले. "पुढच्या वर्षी या, मी शिकवीन! नातवंडांसाठी आणलेली छोटी ढकलगाडी आहेच, तिला धरून सुरुवात करू!"

तोरगाईर खाली बसला. जन्मात पहिल्यांदा तो स्कीबद्दल खरं बोलला होता!