उपग्रहांची दुआ

या खेपेला रस्ता दाखवणारा आपला टॅब पंधरा मिनिटांत नव्हे, पंधरा सेकंदांत उपग्रह पकडणार, असं हसनोलकाकांनी ठरवून टाकलं. मागच्या ईदला त्यांनी अख्खं खानदान रबराच्या मळ्यातून फिरवून आणलं होतं आणि ते कोणी विसरायला तयार नव्हतं. त्यात आता पुतण्या खैरिलचं लग्न. पाच गाड्यांच्या वरातीत पहिली गाडी काकांची. (थोरल्या काकाचा मान. दुसऱ्या कोणी मागितलाही नव्हता.)

"रस्ता विचारत विचारत गेलो तर?" रोकियाकाकू म्हणाल्या.

"तीस वर्षं जमीनमोजणीच्या कचेरीत काढली मी. मी रस्ता विचारू?"

कचेरीत ते पाकिटं चिकटवायचे. पण लग्नाच्या दिवशी काकूंनी तो विषय काढला नाही.

निकाह साडेदहाचा. काझींना त्या दिवशी आणखी दोन निकाह लावायचे होते. अकराच्या ठोक्याला ते उठणार, मग खैरिलचं लग्न गेलं पुढच्या आठवड्यावर. नवरीकडचं जेवण तर हजार माणसांचं.

तेलताडाच्या मळ्यात रस्त्याला तीन फाटे फुटले आणि टॅबवरचं चाक नुसतं गरगरत राहिलं. काकांना युक्ती पाठ होती: वर मोकळं आकाश हवं आणि टॅब जराही हलता कामा नये. त्यांनी वरात थांबवली, झाडी सोडून उघड्यावर गेले, टॅब दोन्ही तळव्यांवर आडवा धरला आणि मान वर करून डोळे मिटले. (मिटायची काही गरज नव्हती, पण ऊन मी म्हणत होतं.)

मागची मंडळी उतरली. थोरले काका हात पसरून उभे आहेत म्हणजे दुआच चालली असणार. चाळीस तळवे वर झाले. ताडफळांचा एक ट्रक थांबला, ड्रायव्हर विडी टाकून सामील झाला. स्कूटरवरून चाललेले एक वयस्क गृहस्थ हेल्मेट काढून अदबीनं सगळ्यांच्या मागे उभे राहिले.

"काका, पावणेअकरा झाले," खैरिल रडकुंडीला आला. "काझी निघून जातील हो."

"हलू नकोस. तीन आलेत. चौथा आला की झालं."

"आमीन," मागचे सगळे म्हणाले.

शेवटी स्कूटरवाले गृहस्थ पुढे आले. "दुआ फार मनापासून चाललीय, मोडवत नाही. पण मला निकाह लावायचाय. आधीच उशीर झालाय, आणि नवरामुलगा कोणी खैरिल म्हणून आहे, त्याचाही पत्ता नाही म्हणतात."

खैरिलनं काकांकडे असं काही पाहिलं, की काकांनी टॅब आपसूक खाली घेतला.

काझींच्या स्कूटरमागून वरात दोन मिनिटांत पत्र्याच्या मांडवात पोचली. घर पुढच्याच वळणावर होतं. खैरिलनं काझींचा हात हातात घेतला. कबुली एका दमात द्यायची, मध्ये अडखळलं की पहिल्यापासून. मांडव चिडीचूप. खैरिलनं श्वास भरून घेतला आणि काकांच्या मांडीवरून एक बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "मार्ग चुकला आहे. मागे फिरा."

खैरिलचा दम तुटला. नवरीच्या बापानं डोळे वटारले. काझींनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "पुन्हा."

अकराला एक मिनिट कमी असताना साक्षीदारांनी मान डोलावली. तोवर काकूंनी टॅब भाताच्या रिकाम्या पातेल्यात घालून झाकण लावलं होतं. काका हळूच त्यांच्या कानाशी वाकले.

"बघितलंस? पत्र्याखालीसुद्धा उपग्रह लागला."

 काकूंनी स्वयंपाकघरातून वरवंटा आणून झाकणावर ठेवला.