बाहेर बसणारे बिवलकरकाका

बिवलकरकाका माझे सख्खे मामा आहेत. तळमजल्यावरच्या कुलकर्णी आजींचे ते धाकटे दीर आहेत, बी विंगमधल्या फर्नांडिसांचे मोठे भाऊ आहेत आणि मागच्या गावठाणात राहणाऱ्या म्हात्रेबाबांचे जावई. ही सगळी नाती डोंबिवलीतल्या निरनिराळ्या हॉस्पिटलांच्या काउंटरवर जुळलेली आहेत. "पेशंटबरोबर नातेवाईक कोण?" असं आतून कुणी ओरडलं की काका हात वर करतात, आणि नातं कुठलं ते पेशंटच्या वयाकडे बघून तिथल्या तिथे ठरवतात. फर्नांडिसांच्या वेळी दोन आडनावं ऐकून सिस्टरने भुवया उंचावल्या, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "आमच्या घरात सगळे आपापल्या मनाचे आहेत."

प्रत्यक्षात ते आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. काकू निवृत्तीच्या आधीच गेल्या, मूलबाळ नाही. अशा माणसाने सकाळी फिरायला जावं, पेपर वाचावा आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडावं अशी आपली साधारण अपेक्षा असते. काकांनी समाजसेवा करायचं ठरवलं.

सुरुवात काही चांगली झाली नाही. आमच्या सोसायटीतली ऋतुजा कॉलेजात आहे, आणि दर रविवारी काही ना काही स्वच्छ करणाऱ्या एका ग्रुपमध्येही आहे. तिने काकांना खडवलीला नेलं. नदीकाठी सहलीवाल्यांनी टाकलेल्या बाटल्या गोळा करायच्या होत्या. सगळ्यांच्या गोण्या भरल्या, काकांची रिकामी राहिली. कारण ते काठावर आलेल्या एका कुटुंबात जाऊन बसले होते. त्यांच्यातल्या आजोबांना पाण्याची भीती वाटत होती, म्हणून बाकीची मंडळी डुंबून येईपर्यंत काका आजोबांजवळ बसले. त्या लोकांनी निघताना त्यांना डबाभर बिर्याणी दिली. ती ग्रुपने खाल्ली, त्यामुळे त्यांना कुणी फार बोललं नाही.

मग गणपती विसर्जनाला त्यांना शिट्टी देऊन चौकात उभं केलं. काकांना कुणाला अडवता येईना. प्रत्येकाला घाई असते हे त्यांना दिसत होतं, आणि ती खरीच होती. त्यांनी चारही बाजूंना "या, या, तुम्ही या" केलं. त्या चौकाचं पुढे काय झालं ते सांगत नाही. हवालदाराने शिट्टी काढून घेतली, एवढं पुरे.

शेवटी ऋतुजाने कंटाळून विचारलं, "काका, सीरियसली, तुमची स्किल्स काय आहेत?"

काकांनी बराच वेळ विचार केला. "मला बसता येतं," ते म्हणाले.

आम्ही पोट धरून हसलो. पण माणूस खरं बोलत होता. आमच्या डोंबिवलीत निम्म्या घरांतली मुलं बंगलोरला नाहीतर थेट समुद्रापलीकडे. ती मुलं वाईट नाहीत. ती पैसे पाठवतात, फोनवरून गाडी बुक करून देतात, व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांशी इंग्रजीत बोलतात. पण आत आई असताना बाहेरच्या बाकड्यावर बसायला माणूसच लागतो, आणि सकाळी आत घेऊन संध्याकाळी घरी सोडणारी हॉस्पिटलंसुद्धा सोबत कुणी नसेल तर पेशंटला हात लावत नाहीत. ही जागा रिकामी आहे हे काकांनी हेरलं आणि ती भरली.

माझ्या वाट्याला ते एंडोस्कोपीच्या वेळी आले. नवरा कामासाठी इंदूरला गेलेला. मी कुणाला काही बोलले नव्हते, पण आमच्या जिन्यात बातमी लिफ्टच्या आधी वर पोचते. रात्री दार वाजलं. काका. "उद्या किती वाजता निघायचं?" एवढंच. मी म्हटलं, काका, अहो कशाला, मी मॅनेज करीन. ते म्हणाले, "तू आतलं बघ. मी आहे ना, बाहेर बसलोय." आणि वेळ विचारून गेले.

हे त्यांचं पालुपद. 'काळजी करू नका', 'सगळं ठीक होईल' वगैरे ते चुकूनही बोलत नाहीत. "ठीक होईल की नाही हे मला काय माहीत? मी काय डॉक्टर आहे? मला जेवढं माहीत आहे तेवढं मी सांगतो. मी बाहेर बसलोय हे मला नक्की माहीत असतं."

त्यांच्या खांद्याला एक खाकी पिशवी असते. तिच्यात थर्मास, स्टीलचे दोन पेले, शाल, सेफ्टी पिना, कवळी ठेवायची डबी आणि चपलांसाठी वेगळी कापडी थैली. चपलांचं प्रकरण ते फार गांभीर्याने घेतात. पेशंट अनवाणी आत गेला की त्याच्या चपला लगेच थैलीत, आणि तो बाहेर आला की बरोबर पायांपाशी. "बाहेर आलेला माणूस आधी चपला शोधतो, देव नंतर," असं त्यांचं निरीक्षण आहे. बाकड्यावर जागा दाराशेजारची धरायची. ती कुठल्याही कारणाने सोडायची नाही. शेजारच्यांनी 'आमच्या मेव्हण्याचं असंच झालं होतं' म्हणून सुरुवात केली की ऐकू येत नाही असं दाखवायचं. आणि चहा आपण आधी प्यायचा नाही. पेशंट बाहेर आला, डॉक्टर हो म्हणाले, की मग दोघांनी मिळून. म्हणून पेले दोन.

एकदा मी त्यांना म्हटलं, "काका, तुमच्या वेळी कोण बसणार?"

"मला काय धाड भरलीय?" ते म्हणाले. "आणि हे बघ, माझा दिवस मोकळा असतो म्हणून मी जातो. दुसऱ्याचा भरलेला दिवस मोडायचा नाही."

हा नियमसुद्धा ते फार कडक पाळतात, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

गडबड झाली ती कुलकर्णी आजींच्या वेळी. आजींच्या हाताची किरकोळ शस्त्रक्रिया होती. काका नेहमीप्रमाणे धाकटे दीर म्हणून बाहेर बसले. दार उघडलं, हिरव्या गाऊनमधली एक वयस्क बाई ट्रॉलीवरून बाहेर आली. काका उठले, ट्रॉलीबरोबर चालत गेले, पलंगापाशी चपला मांडल्या, बाईंच्या अंगावर शाल घातली, डॉक्टरांची परवानगी काढली आणि चहा ओतला. बाई गुंगीत होत्या. त्यांनी काकांचा हात जो धरला तो सोडेनात. त्यांचा मुलगा गाडी लावायला गेलेला. सून आली, तिने काकांना नमस्कार केला, सासूबाईंचे कुणी गावाकडचे भाऊ असणार असं समजून. काकांनीही, ही आजींची सून अमेरिकेतून इतक्या तातडीने आली याचं मनापासून कौतुक केलं.

तेवढ्यात कॉरिडॉरमधून खऱ्या कुलकर्णी आजी आल्या, एका हाताला बँडेज, दुसऱ्या हातात सलाईनचा स्टँड, पाय अनवाणी. चपला दुसऱ्याच बाईच्या पलंगाखाली पाहून त्यांनी स्टँड जमिनीवर आपटला. "भास्कर! अरे, मी मेले नव्हते रे! पलीकडच्या खोलीत होते!"

सोसायटीत हा किस्सा महिनाभर पुरला. आजींनी तो प्रत्येक मजल्यावर वेगळा सांगितला. म्हात्रेबाबांचा मुलगा पोट धरून म्हणाला, "काका, आमच्या बाबाला पन बदलून आना की एकदा, कोनी शांत असंल तर." काकाही सगळ्यांबरोबर हसले. पण त्या संध्याकाळी मी ऑफिसमधून आले तेव्हा ते कंपाउंडमधल्या बाकावर एकटेच बसले होते. मी समोर उभी राहिले तरी त्यांनी मला आवाज ऐकल्यावरच ओळखलं.

"मला चेहरे दिसत नाहीत ग," ते म्हणाले. "बरेच दिवस झाले. चालण्यावरून, साडीवरून ओळखायचो. तिथे सगळ्यांना एकच गाऊन. आपलं माणूस बाहेर आलेलं ओळखता येत नसेल तर बाहेर बसून उपयोग काय? हे एकच तर येत होतं मला."

मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पिटाळलं. मोतीबिंदू, चांगला पिकलेला. ऑपरेशन साधं, त्याच दिवशी घरी. तारीख ठरली. मी म्हटलं, मी सुट्टी टाकते. काका म्हणाले, "अजिबात नको. माझा भाचा येतोय नाशिकहून." ऋतुजालाही हेच सांगितलं, म्हात्र्यांच्या मुलालाही हेच. फार हुशार मुलगा आहे, आदल्या रात्रीच येणार आहे, वगैरे. आम्ही सगळे निर्धास्त झालो.

त्या दिवशी सकाळी मी ठाण्याला ऑफिसला निघाले तर गेटपाशी कुलकर्णी आजी ऊन खात बसलेल्या. मी सहज म्हटलं, "आज काकांचं ऑपरेशन. भाचा आलाय ना?"

आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. "कुणाचा भाचा? अगं, त्याला बहीण नाही. त्याच्या बायकोला ना भाऊ होता ना बहीण. भाचा येईल कुठून?"

मी तिथूनच ऑफिसला फोन केला. मामांचं ऑपरेशन आहे, आज येत नाही, म्हणून सांगितलं. खोटं बोलतेय असं मला एकदाही वाटलं नाही. रिक्षात बसले तेव्हा इतकी चिडले होते की रिक्षावाल्याने आरशातून दोनदा वळून पाहिलं.

मानपाडा रोडवरचं ते डोळ्यांचं हॉस्पिटल तसं लहानच आहे. आत शिरले तर काका बाहेरच्या बाकड्यावर, दाराशेजारच्या जागेवर, पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसलेले. डोळ्यांत थेंब घातल्यामुळे पाणी येत होतं. चपला आधीच काढून थैलीत भरलेल्या होत्या. स्वतःच्याच.

दार उघडून सिस्टर बाहेर आली. "बिवलकर भास्कर!"

काकांनी सवयीने डावीकडे उजवीकडे पाहिलं, पेशंट कुठे आहे म्हणून. मग दचकून उठले.

"सोबत कोण आहे?"

"मी."

"आणि पेशंट?"

"तेही मीच."

"आजोबा, असं नाही चालत. नातेवाईक लागतात."

"सिस्टर, मला या कामाचा चांगला अनुभव आहे," काका अगदी आत्मविश्वासाने म्हणाले. "तुमच्याकडे मी पूर्वीही आलोय. आत असेन तेवढा वेळ मी आतलं बघतो, बाहेर आलो की बाहेरचं. तुम्हाला काही त्रास होणार नाही."

"मग आज नाही होणार ऑपरेशन. कुणाला तरी घेऊन या, दुसरी तारीख देते."

काकांनी पिशवी खांद्याला लावली आणि चपलांची थैली सोडायला लागले. इतक्या लोकांची दारं आपणहून वाजवणारा हा माणूस, आणि कुणाचं नाव सांगावं ते त्याला सुचत नव्हतं. मला भयंकर वाईट वाटलं, आणि तितकाच रागही आला.

"मी आहे," मी ओरडलेच. "भाची."

काका आवाजाच्या दिशेने वळले. "तू? अगं, तुझं ऑफिस?"

"ऑफिसचं मी बघते. तुम्ही आतलं बघा."

"दिवस मोडलास ना तुझा."

"मोडला. आणा ती पिशवी."

त्यांना ती द्यायला जड गेलं. थर्मासचं झाकण सैल आहे, शाल वर ठेवलीय, शेजारच्या निळ्या शर्टवाल्याकडे अजिबात लक्ष देऊ नकोस, त्याच्या साडूचा डोळा गेलाय, अशा सगळ्या सूचना झाल्या. मी म्हटलं, जा आता. सिस्टरने हात धरला. दारापर्यंत गेले आणि थांबले. त्यांना मी दिसत नव्हते हे स्पष्ट होतं. ते माझ्या जरा बाजूला, निळ्या शर्टवाल्याकडे बघून म्हणाले, "आहेस ना?"

"आहे ना. बाहेर बसलेय."

दार लागलं. मी त्यांच्या जागेवर बसले आणि थर्मास सरळ ठेवायला पिशवी उघडली. पेले दोन होते. सोबतीला कुणी येणार नाही हे ज्याला पक्कं ठाऊक होतं, त्याने सकाळी दोन पेले धुऊन पुसून भरले होते.

दार पातळ होतं. आतून त्यांचा आवाज येत होता. "सिस्टर, बाहेर माझी भाची बसलीय बरं का." थोड्या वेळाने, बहुतेक डॉक्टर आले असावेत. "डॉक्टर, भाची बसलीय बाहेर. ठाण्याला नोकरी आहे, रजा काढून आलीय." मग आणखी कुणाच्या तरी पावलांचा आवाज आला, आणि त्यालाही त्यांनी तेच सांगितलं.

निळा शर्टवाला माझ्याकडे सरकला. "तुमचे मामा का? आमच्या साडूचं काय झालं माहितीये..."

मला ऐकू आलं नाही. समोर चहाचा स्टॉल होता, आल्याचा वास येत होता, सकाळपासून पोटात काही नव्हतं. पण चहा दोघांनी मिळून प्यायचा होता. मी चपलांची थैली जवळ ओढून घेतली आणि दाराकडे बघत बसून राहिले.